एकच नट, सगळी पात्रं: विनोदी मालिकेतल्या बहुभूमिका भागाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी काही वर्षं विनोदी मालिकांच्या संकलनाच्या टेबलावर काढली. तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी तेच ते प्रश्न विचारत असतं. एकाच माणसानं तिघंचौघं केले ते कसे, त्याचा स्वतःचा गोंधळ होत नाही का, आणि दोघं मिठी मारतात तेव्हा मिठीत नक्की कोण असतं? दरवेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

हा डबल रोलच ना? मग वेगळं नाव कशाला?

डबल रोलमध्ये बहुतेक वेळा गोष्टच सारख्या चेहऱ्यांची असते. जुळे भाऊ, लहानपणी हरवलेली बहीण, राजा आणि त्याचा तोतया. चेहरा सारखा आहे हे पात्रांनाही कळतं, निदान शेवटच्या प्रसंगात तरी. बहुभूमिकेत चेहरा एकच आहे हे फक्त आपल्याला दिसतं. खिडकीमागचा कारकून, रांगेतली म्हातारी आणि तिला मागून ढकलणारा पैलवान हे तिघंही एकाच नटानं केले, तरी कारकुनाला म्हातारीच्या तोंडावर स्वतःचं नाक दिसत नाही. निम्मं हसू तिथेच पिकतं.

मधला एक प्रकारही आहे: अख्खं घराणं एकाच नटानं करायचं. १९४९च्या ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ या ब्रिटिश चित्रपटात अ‍ॅलेक गिनेसनं एका उमराव घराण्यातली आठ माणसं केली, त्यात एक बाईही होती. तिथे सारखं नाक ही घराण्याची खूण ठरते आणि कोणाला काही खटकत नाही. टीव्हीवरच्या विनोदी भागांना ही युक्ती फार सोयीची पडते, कारण काका, आत्या, आजोबा हे सगळे एकदम एका खोलीत आणता येतात.

‘तो मी नव्हेच’मधला लखोबा यात धरायचा का?

माझ्या मते नाही, आणि यावर वाद घालायला मी केव्हाही तयार आहे. आचार्य अत्र्यांच्या १९६२च्या त्या नाटकात प्रभाकर पणशीकर पाच रूपांत यायचे, फिरत्या रंगमंचावर प्रसंग झरझर पालटायचे, हे सगळं खरं. पण ती पाच माणसं नाहीत, पाच सोंगं घेणारा तो एकच भामटा आहे. तिथे नटाला वरचं सोंगही सांभाळायचं असतं आणि खालचा भामटाही. तो खालचा अधूनमधून डोळ्यांतून डोकावला तरच मजा. बहुभूमिकेत उलटं आहे. म्हातारीच्या डोळ्यांतून पैलवान डोकावला की खेळ संपला.

रंगमंचावरचं अस्सल उदाहरण हवं असेल तर ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. डॉ. लक्ष्मण देशपांडे त्यात एकट्यानं ५२ पात्रं उभी करायचे. त्यांना स्प्लिट स्क्रीन (दोन चित्रणं एका चौकटीत सांधण्याची युक्ती) नव्हता, रिटेक नव्हता. पुढे जे काही कॅमेऱ्याच्या युक्त्यांबद्दल लिहिणार आहे ते वाचताना हे ध्यानात असू द्या.

ही कल्पना टीव्हीवाल्यांचीच का?

छे. प्राचीन ग्रीक शोकांतिकांमध्ये बोलणारे नट जास्तीत जास्त तीनच असायचे आणि मुखवटे बदलून तेच सगळी पात्रं करायचे. चित्रपट आला तेव्हा ही युक्ती सर्वात आधी जादूगारांनी उचलली. जॉर्ज मेलिएस हा मूळचा जादूगारच. १९००च्या एका छोट्या फिल्ममध्ये रांगेत सात वादक बसलेले दिसतात आणि सातही तोच आहे. फिल्म मागे गुंडाळायची आणि त्याच पट्टीवर पुन्हा चित्रण करायचं, अशी ती पद्धत.

मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन यानं १९२१च्या ‘द प्लेहाउस’मध्ये याची कमाल केली. वादक तो, रंगमंचावरचे कलाकार तो, खाली बसलेले प्रेक्षकही तोच. एका दृश्यात एका रांगेत नऊ कीटन दिसतात. भिंगासमोर उभ्या पट्ट्यांचं झाकण बसवलं होतं. एका वेळी एकच पट्टी उघडायची, तेवढ्या फटीतून एक कीटन टिपायचा, फिल्म मागे न्यायची आणि पुढची पट्टी. त्या काळी कॅमेरा हातानं फिरवायचे. म्हणजे एल्गिन लेसली या छायाचित्रकाराला नऊ वेळा अगदी त्याच वेगानं हँडल मारायचं होतं. आठव्या फेरीला हात जरा अडखळला असता तर आधीच्या सात फेऱ्या पाण्यात. मला कीटनइतकंच लेसलीचं कौतुक वाटतं. पडद्यावर तो कुठेच दिसत नाही.

टीव्हीनं या जुन्या युक्तीत स्वतःची भर घातली ती घाईची. चित्रपटाला जिथे दोन दिवस मिळतात तिथे मालिकेला दुपार मिळते.

दोघं एका चौकटीत दिसतात ते नेमकं कसं करतात?

सर्वात जुनी आणि अजूनही सर्वात जास्त चालणारी रीत म्हणजे स्प्लिट स्क्रीन. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवून फोकस, एक्स्पोजर, झूम सगळं पक्कं करून टाकतात. सेटवर म्हणतात, ‘कॅमेरा लॉक केला’. नट पहिलं पात्र बनून डावीकडे बसतो आणि अख्खा प्रसंग करतो. मग तो मेकअप रूममध्ये जातो, विग आणि कपडे बदलून येतो. यात तासभर सहज जातो, दाढीमिशा आणि प्रोस्थेटिक (चेहऱ्यावर चिकटवायचे रबरी तुकडे) असेल तर दोन-तीन तास. तेवढ्या वेळात कॅमेऱ्याला, दिव्यांना, टेबलाखुर्च्यांना कोणी बोट लावायचं नाही. मग तो दुसरं पात्र बनून उजवीकडे बसतो. शिवाय कोणीच नसलेली एक रिकामी चौकटही टिपून ठेवतात, तिला क्लीन प्लेट म्हणतात. पुढे काही झाकायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते.

संकलनात डावा भाग एका टेकमधून आणि उजवा दुसऱ्यातून घेऊन सांधतात. सांधा म्हणजे मधोमध सरळ रेघ असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो दाराच्या चौकटीवरून, पडद्याच्या घडीवरून, कपाटाच्या कडेवरून वाकडातिकडा नेतात. पंचाईत होते ती सावल्यांची. पहिल्या पात्राची सावली सांध्याच्या पलीकडे पडली की मध्येच कापली जाते. खिडकीतून खरं ऊन येत असेल तर ते दोन तासांत जमिनीवरून हातभर सरकलेलं असतं, म्हणून असे प्रसंग शक्यतो बंद सेटवर घेतात.

गिनेसच्या त्या चित्रपटात घराण्यातली सहा माणसं एकाच चौकटीत दिसतात. त्या एका शॉटला दोन दिवस लागले, आणि मधल्या रात्री कॅमेरा कोणाच्या धक्क्यानं हलू नये म्हणून छायाचित्रणाच्या चमूतला एकजण त्याच्याशेजारीच मुक्कामाला राहिला.

आमच्याकडे एका भागात कॅमेरा हलला नाही, टेबल हललं नाही, सावल्याही जुळल्या. सांधा मात्र बरोब्बर भिंतीवरच्या घड्याळावरून गेला होता. डावा अर्धा सकाळी दहाच्या सुमाराचा, उजवा अर्धा सव्वाबाराचा. पडद्यावर दोन तासकाटे आणि एक मिनिटकाटा असलेलं घड्याळ टिकटिकत होतं, आणि आम्ही चारजणांनी तो प्रसंग किमान वीस वेळा बघून मंजूर केला होता. प्रसारणाच्या आदल्या रात्री ते दिसलं कोणाला, तर चहा घेऊन आलेल्या मुलाला. मग क्लीन प्लेटमधलं अख्खं घड्याळ कापून वर चिकटवलं. पूर्ण प्रसंगभर त्यात एकच वेळ राहिली. त्याबद्दल एकाही प्रेक्षकाची तक्रार आली नाही.

पण काही ठिकाणी कॅमेरा फिरतानाही दोघं दिसतात!

तिथे मोशन कंट्रोल असतं. संगणकाला जोडलेली यांत्रिक भुजा कॅमेरा उचलून तीच हालचाल पुन्हा पुन्हा, तंतोतंत तशीच करते. ‘ऑर्फन ब्लॅक’ या मालिकेत (२०१३ ते २०१७) तातियाना मास्लानीनं एकमेकींच्या क्लोन असलेल्या अनेक बायका केल्या आणि तिथे हे तंत्र भरपूर वापरलं गेलं. २०१६चा एमी हा अमेरिकी टीव्ही पुरस्कार तिला मिळाला तो याच कामासाठी. ती मालिका विनोदी नाही, पण त्यातली एक क्लोन दुसरीचं सोंग घेऊन वावरते ते प्रसंग चांगल्या चांगल्या विनोदी मालिकांना शिकवण्यासारखे आहेत.

रोजच्या विनोदी मालिकेला एवढा खर्च झेपत नाही. तिथे दृश्य मोठ्या चौकटीत, कॅमेरा न हलवता घेतात आणि नंतर संगणकावर त्या मोठ्या चौकटीत छोटी चौकट सरकवतात. बघणाऱ्याला कॅमेरा फिरल्यासारखा वाटतो.

पाठमोरा दिसतो तो कोण असतो?

बॉडी डबल. आपल्याकडच्या सेटवर खांद्यावरून घेतलेल्या अशा शॉटला ‘सजेशन’ म्हणतात, म्हणजे समोर नटाचा चेहरा आणि कडेला दुसऱ्याच्या खांद्याचा, केसांचा नुसता सुगावा. एका प्रसंगातले बहुतांश शॉट असेच असतात. दोन्ही चेहरे एकत्र दिसणारे स्प्लिट स्क्रीनचे शॉट दोन-तीनच पुरतात. ते एकदा दाखवले की प्रेक्षकाचा विश्वास बसतो आणि पुढचं काम पाठमोरे खांदे करतात.

१९६३ ते १९६६ दरम्यान चाललेल्या ‘द पॅटी ड्यूक शो’मध्ये पॅटी ड्यूक दोन हुबेहूब चुलत बहिणी करायची आणि रिटा मॅकलॉफ्लिन नावाची मुलगी तिची डबल असायची. डबल म्हणजे विग घातलेलं कोणीही, असं समजणारे निर्माते असतात. ते फसतात. डबलला अभिनय यावा लागतो, कारण समोरच्या नटाला खरी प्रतिक्रिया तिच्याकडूनच मिळते, जरी ती पडद्यावर कोणाला दिसणार नसली तरी.

एकमेकांना वस्तू देतात, खांद्यावर हात ठेवतात, ते?

एक किल्ली देण्याचा प्रसंग घेऊ. थोरला भाऊ धाकट्याला किल्ली देतो, दोघंही तोच नट. पहिला शॉट: रुंद चौकट, दोघंही दिसतात, थोरला किल्ली खिशातून काढतो आणि हात पुढे करतो, पण सांध्याच्या अलीकडेच थांबतो. दुसरा शॉट: फक्त दोन हातांचा क्लोज, एक नटाचा, एक डबलचा, किल्ली या तळव्यातून त्या तळव्यात. तिसरा शॉट: धाकटा मूठ मिटून हात स्वतःकडे घेतो. तीन तुकडे मिळून दोन सेकंद. यात मनगट दगा देतं. नटाच्या मनगटावर केस आणि डबलचं मनगट गुळगुळीत, किंवा अंगठी चुकीच्या बोटात. चेहऱ्यावर तासन्‌तास घालवलेली माणसं हाताकडे बघायलाच विसरतात.

मिठी तर सोपी आहे. मिठीत एका वेळी एकच चेहरा कॅमेऱ्याकडे असतो.

नट नेमका कोणाशी बोलत असतो?

सगळ्या प्रश्नांत हा महत्त्वाचा आणि सर्वात कमी विचारला जाणारा. लोकांना विगचं कुतूहल असतं. मला विचाराल तर असा भाग उभा राहतो किंवा पडतो तो ऐकण्यावर.

बोलणं कोणालाही वेगळं करता येतं. आवाज घोगरा केला, एक शब्द पुन्हा पुन्हा वापरला, झालं पात्र. पण म्हातारी बोलत असताना कारकून काय करतोय? तो ऐकतोय, आणि जे ऐकतोय ते त्या क्षणी तिथे नाही. समोर स्टँडवर चिकटपट्टीची खूण आहे किंवा काठीला टोचलेला चेंडू आहे, नजर नेमकी कुठे ठेवायची ते कळावं म्हणून. म्हातारीचे संवाद कानातल्या बारीक इअरपीसमधून येतायत, तासाभरापूर्वी त्यानंच म्हटलेले. पुढचं वाक्य काय येणार हे त्याला पाठ आहे, कारण ते त्याचंच आहे. आणि तरी ते पहिल्यांदाच ऐकतोय असं दिसायला हवं.

कच्चा नट इथे दोनपैकी एक चूक करतो. एकतर चेहरा मोकळा सोडून नुसती आपली पाळी यायची वाट बघतो. किंवा समोरच्याचं वाक्य संपण्याआधीच त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटतं, कारण पंच, म्हणजे विनोदाचा शेवटचा फटका, त्याला ठाऊक आहे. हे दुसरं फार घातक. समोरचा हसवणार आहे हे ऐकणाऱ्याच्या तोंडावर आधीच लिहिलेलं असलं की प्रेक्षकाला हसायला काही उरत नाही.

संकलनात यातलं थोडंफार सावरता येतं. आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमनं चालतं. दोन्ही पात्रं वेगवेगळ्या टेकमधली असल्यानं उत्तर सहा फ्रेम अलीकडे ओढता येतं, म्हणजे पाव सेकंद. एका प्रसंगात म्हातारी विचारते, “साहेब आहेत का?” आणि कारकून म्हणतो, “मीच साहेब.” चित्रणात त्यानं पटकन उत्तर दिलं होतं, ठीक होतं, पण कोणी हसलं नाही. मी ते वीस फ्रेम लांबवलं. त्या वीस फ्रेममध्ये तो नुसता तिच्याकडे बघतो, पापणी एकदा मिटतो. खोलीतले सगळे हसले. त्याची ती पापणी मुळात दुसऱ्याच वाक्यावर मिटली होती, हे मी त्या नटाला अजून सांगितलेलं नाही.

दोघं एकमेकांचं बोलणं तोडतात, ते कसं जमतं?

अवघड जातं. एकाचं बोलणं दुसऱ्यावर चढवायचं असेल तर दोन्हींचं ध्वनिमुद्रण स्वच्छ हवं आणि वेळ आधीच ठरलेली हवी. म्हणून असे भाग कधीकधी फार शिस्तीत बोलल्यासारखे वाटतात: एक थांबतो, मग दुसरा सुरू. कान देऊन ऐकाल तर पटकन लक्षात येईल. चांगला दिग्दर्शक दोन-तीन ठिकाणी तरी मुद्दाम गर्दी करतो.

कोणतं पात्र आधी चित्रित करतात?

ज्याच्या हातात प्रसंगाची लय आहे ते. वटवट करणारं, प्रश्नांचा भडिमार करणारं पात्र आधी, कारण दुसऱ्यानं त्या लयीवर उत्तरं द्यायची असतात. उलट केलं तर वटवट्याला आधीच ठरलेल्या थांब्यांत आपली वाक्यं बसवावी लागतात आणि त्याची हवाच जाते.

पण वेळापत्रक नेहमी लयीचं ऐकत नाही. चिकटवलेली दाढी काढताना कातडी लाल होते, मग लगेच गुळगुळीत चेहऱ्याचं पात्र करता येत नाही. त्यामुळे बऱ्याचदा दाढी नसलेलं पात्र सकाळी आणि दाढीवालं दुपारी. दिग्दर्शकाला लय हवी असते, मेकअप दादांना कातडी. जिंकतात मेकअप दादा.

पात्रं वेगळी ओळखू येण्यात मेकअपचा वाटा किती?

लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी. मोठी उदाहरणं आहेतच. १९९६च्या ‘द नटी प्रोफेसर’मध्ये एडी मर्फीनं सात भूमिका केल्या, त्यातलं बहुतेक कुटुंब एकाच टेबलाभोवती बसलेलं, आणि त्या कामासाठी रिक बेकर आणि डेव्हिड लिरॉय अँडरसन यांना रंगभूषेचं ऑस्कर मिळालं. पण टेबलावरचे तुकडे आवाज बंद करून बघा. आई बोलताना मान खाली घालते, बाप बोलताना पोट पुढे काढतो. नुसतं रबर लावून हे होत नाही.

विनोदी नट पात्र शोधायला सहसा एखादी शारीरिक गोष्ट धरतात: वजन कोणत्या पायावर आहे, श्वास नाकानं की तोंडानं, बसताना आधी हात टेकतो की आधी पार्श्वभाग. मी एका नटाला बघितलंय, तो प्रत्येक पात्राचे जोडे वेगळे मागायचा, शॉट कमरेच्या वरचा असला तरी. कपडेपटवाले वैतागायचे. पण जोडे बदलले की त्याची मान बदलायची, हे मी स्वतः संकलनात पाहिलंय.

प्रत्येकाचा आवाज वेगळा लागतोच का?

नाही. वेग वेगळा असला तरी पुष्कळ. तीन पात्रांना तीन चमत्कारिक आवाज दिले की बावीस मिनिटांत कान किटतात.

प्रेक्षकांसमोर चित्रित होणाऱ्या कार्यक्रमात हे कसं करतात?

दोन मार्ग. एक म्हणजे एका पात्राचा भाग आधीच चित्रित करून ठेवायचा आणि प्रेक्षकांना पडद्यावर दाखवायचा, म्हणजे त्यांचं हसूही मिळतं. दुसरा म्हणजे प्रहसनातला, पळापळीचा. एक पात्र या दारानं बाहेर, दुसरं त्या दारानं आत, आणि मध्ये विंगेत तीनजण कपडे धरून उभे. बटणांखाली वेल्क्रो, विगलाच शिवलेली टोपी, चष्म्याला जोडलेली मिशी. इथे दम लागलेला नट हाच विनोद असतो. मिशी वाकडी लागली तर प्रेक्षक जास्तच खूष होतात. स्प्लिट स्क्रीनमध्ये जी चूक कापून टाकावी लागते, तीच इथे टाळ्या घेते.

यानं निर्मात्याचे पैसे वाचतात ना?

स्किटच्या कार्यक्रमात वाचतात. पाच-सहा कलाकारांच्या कायमच्या संचात प्रत्येकानं दर भागात तीन-चार माणसं करायची, हे तिथलं गणितच असतं. ब्रिटनमधल्या ‘द लीग ऑफ जंटलमेन’ मालिकेत मार्क गॅटिस, स्टीव्ह पेंबर्टन आणि रीस शिअरस्मिथ या तिघांनी गावातली बहुतेक सगळी वस्ती उभी केली.

पण एरवी चार वेगळे नट असणाऱ्या मालिकेनं एखाद्या भागात ‘सगळं एकानंच’ करायचं ठरवलं, तर खर्च वाढतो. एका पात्राच्या चित्रणाला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतो. बाकीचे कलाकार त्या दिवशी बसून असतात आणि फार प्रेमानं बघत असतात असंही नाही.

लेखकाला काय वेगळं करावं लागतं?

पात्रांना एका खोलीत आणणं कमी करावं लागतं आणि आणलं तर कारण लागतं. प्रेक्षक पहिल्या पाच मिनिटांतच वाट बघू लागतो की हे दोघं समोरासमोर कधी येणार. ती भेट लांबवणं हे लेखकाचं काम. दार उघडतं आणि दुसरा नुकताच निघून गेलेला असतो. फोनवर भेट होते. एकजण दुसऱ्याबद्दल वाईट बोलतो. आणि शेवटी भेट घडवली तर ती रंगली पाहिजे.

दुसरं म्हणजे पात्रांना एकमेकांकडून काहीतरी हवं असलं पाहिजे. उधारी, सही, माफी, खुर्ची, काहीही. माझ्या टेबलावर आलेले बहुतेक फसलेले भाग असे होते की पाच पात्रं, पाच विग, आणि एकालाही दुसऱ्याकडून काही नको. मग तो लुक टेस्टचा, म्हणजे वेश आणि मेकअपच्या चाचणीचा, अल्बम होतो.

एकाच अभिनेत्रीची दोन पात्रं दोन वेगळ्या मालिकांत असू शकतात का?

असू शकतात, आणि त्यातलं गाजलेलं उदाहरण मजेशीर आहे. लिसा कुड्रो ‘मॅड अबाउट यू’मध्ये अर्सुला नावाची वेट्रेस करत होती. १९९४मध्ये ती ‘फ्रेंड्स’मध्ये फीबी झाली, त्याच वाहिनीवर, त्याच संध्याकाळी. प्रेक्षक गोंधळणार हे उघड होतं. मग लेखकांनी अर्सुला ही फीबीची जुळी बहीण आहे असं ठरवून टाकलं. अडचणीतून निघालेली ती बहीण पुढे ‘फ्रेंड्स’च्या अनेक भागांत आली.

श्रेयनामावलीत नाव कसं देतात?

साधारणपणे नटाच्या नावापुढे सगळ्या पात्रांची नावं. काहींना तिथेही गंमत सुचते. ‘बिविच्ड’मध्ये एलिझाबेथ मॉन्टगोमेरी नायिका समँथा तर करायचीच, तिची खट्याळ चुलत बहीण सेरीनाही करायची. पुढच्या भागांत सेरीनाच्या नावापुढे नटी म्हणून ‘पँडोरा स्पॉक्स’ असं नाव झळकायचं. मोठ्यानं म्हणून बघा, पँडोराचा पेटारा इंग्रजीत ऐकू येईल.

पुरुषानं बाईचं किंवा दुसऱ्या वंशाच्या माणसाचं काम केलं तर त्यात गैर काय?

दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर आता बऱ्यापैकी ठरलेलं आहे. ‘लिटल ब्रिटन’ ही दोनच नटांनी असंख्य पात्रं केलेली गाजलेली मालिका २०२० साली बीबीसीच्या आयप्लेअरवरून आणि नेटफ्लिक्सवरून काढली गेली, कारण त्यातली काही पात्रं कातडीचा रंग बदलून केलेली होती. तिथे एक अख्खा समाज विगसारखा वापरला जातो.

पहिल्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांना कोणी हसायचं नाही. लोक त्यांच्यासारखं नटायचे. म्हणजे पुरुषानं बाई करण्यात मुळात हसण्यासारखं काही नाही. अडचण येते ती तो आत आला, छाती सावरली, लचकत चालला, एवढ्यावरच प्रसंग संपतो तेव्हा. ती बाई कोण, तिला काय हवंय, हे लेखकाला ठाऊकच नसतं. टीव्हीवर असल्या एन्ट्री मी इतक्या कापल्यात, म्हणजे फक्त लांबीला कापल्यात, की आता छाती सावरण्याचा हात दिसला की बोट आपोआप कीबोर्डकडे जातं.

आता एआय आल्यावर हे सगळं सोपं झालं असेल ना?

चेहरा डबलच्या अंगावर बसवणं सोपं झालंय, सांधे पुसणंही. ऐकण्याचं मात्र होतं तिथेच आहे.

घरी मोबाइलवर करून बघायचंय. कुठून सुरुवात करू?

दोन पात्रांपासून, पाचाच्या नादी लागू नका. मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर तुम्ही खुर्ची बदलली की चित्र आपोआप उजळ-गडद होईल आणि सांधा लख्ख दिसेल. खिडकी झाका, दिवे लावा, पंखा बंद करा, कारण पडद्याची हालचाल दोन्ही टेकमध्ये सारखी येणार नाही. वटवट्या पात्र आधी करा. त्याचे संवाद दुसऱ्या फोनवर मुद्रित करून ठेवा आणि दुसरं पात्र करताना एका कानात लावा. वायर दिसू देऊ नका.

नजरेसाठी समोरच्या खुर्चीच्या पाठीवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्याच्याशी बोला. पहिल्या पात्राच्या वेळी मुद्दाम जास्त थांबे घ्या. नको असलेला थांबा नंतर कापता येतो, नसलेला घालता येत नाही. कोणत्याही साध्या संकलन अ‍ॅपमध्ये दोन थर एकावर एक ठेवून वरच्याचा अर्धा भाग मास्कनं झाकला की काम झालं.

आणि सुरू करण्याआधी भिंतीवरचं घड्याळ उतरवून ठेवा.